माझ्या मापाचा राक्षस

संदेशचं डोकं राक्षसाच्या गळ्यातून वर शिरलं, कानांपर्यंत गेलं आणि तिथेच अडकलं.

"दाब," तो आतून म्हणाला.

मी वरून दाबलं. आपा मेस्त्रींनी दोन्ही शिंगं धरून खाली ओढलं. बांबूच्या कामट्या करकरल्या.

"कान! मेल्यांनो, कान थयच ऱ्हवतले माझे!"

"तुका कान होये कित्याक?" आपा म्हणाले. "आवशीचा आयकणंस नाय, बायलेचा आयकणंस नाय."

"भायर काढा आधी!"

आम्ही त्याला बाहेर काढलं. संदेश माझा चुलतभाऊ. टेम्पो चालवायचा, मानेने आणि खांद्यांनी भक्कम. आमच्या पालववाडीचा राक्षस दरवर्षी तोच नाचवायचा. त्याने लाल झालेले कान चोळले, मग राक्षस उलटा करून आतलं वेताचं कडं नीट पाहिलं. माणसाच्या डोक्यावर टेकतं ते हे कडं.

"हर्षद, माप कोणाचा घेतलंस?"

"डोक्याचा."

"ता कळला. कोणाच्या डोक्याचा?"

शिमग्याचा मुख्य दिवस होता. बाहेर ढोलांची कातडी शेकोटीवर तापवायचं काम चाललं होतं. दुपार कलली की राक्षस वाडीत फिरणार होता आणि संध्याकाळी देवळापुढच्या मांडावर जाणार होता. आणि तो फक्त माझ्याच डोक्यावर बसत होता.

याला आता सहा वर्षं झाली. त्या वेळी मी बंगळूरहून घरी परत आलो होतो आणि घरातून बाहेर पडत नव्हतो.

बी.एस्सी. झाल्यावर बंगळूरच्या एका संस्थेत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी माझी निवड झाली होती. आमच्या भागातून तिथे कुणी गेलं नव्हतं. बाबा एस.टी.त कंडक्टर. कुडाळ डेपोच्या ज्या ज्या गाडीवर त्यांची ड्युटी लागली, त्या त्या गाडीतल्या माणसांना ही बातमी कळली. वाडीच्या वाटेवर बोर्ड लागला. कोट घातलेला माझा फोटो, खाली 'पालववाडीचा अभिमान, भावी शास्त्रज्ञ', आणि शुभेच्छुक म्हणून सगळ्या वाडीची नावं. कोट फोटोवाल्याचा होता.

तिथे पहिल्या वर्षाअखेर तोंडी परीक्षा असते. मला विचारलेला पहिलाच प्रश्न लंबकाचा होता. अकरावीतला मुलगा सांगेल असा. उत्तर मला माहीत होतं. तोंड उघडलं नाही. काही महिन्यांनी दुसरी संधी मिळाली आणि पुन्हा तेच झालं. नियमाप्रमाणे त्यांनी मला जायला सांगितलं. सगळे सभ्यपणे बोलले. एक प्राध्यापक तर माझ्यामागून बाहेर आले आणि त्यांनी मला पाणी दिलं. राग धरावा असं कुणीच नव्हतं, हीच माझी अडचण होती.

थोडे दिवस एका मित्राच्या खोलीवर काढले. मग घरी आलो आणि सुट्टी आहे असं सांगितलं.

कोकणात बाहेरगावाहून आलेल्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात. कधी इलंस? आणि पहिल्याचं उत्तर पुरं व्हायच्या आत, कधी जातलंस? त्यात वाईट काही नसतं. नमस्कारच तो. पण विहिरीवर, दुकानात, देवळाच्या पायरीवर मला कुणी तो केला की मी तिथून पाय काढायचो. म्हणून मी विहीर सोडली, मग दुकान सोडलं, मग देऊळ.

अशात एका सकाळी आपा मेस्त्री आमच्या अंगणात उभे राहिले. आपा गणपती करायचे, शिमग्याची सोंगंही करायचे, आणि स्वतःची स्तुती दुसऱ्या कुणावर सोडायचे नाहीत.

"विश्राम! तुझो शास्त्रज्ञ खय आसा?"

बाबा खाकी शर्टाची बटणं लावत होते. मी माजघरात भिंतीला पाठ लावून उभा होतो.

"भितुर आसा. कित्याक?"

"राऊळवाडीन गेल्या वर्षी गरुडाची पाखां हलवली. हलवली मा? आणि आमचो राक्षस नुसती मान हलयता, नंदीबैलासारखो. औंदा माका तेचे डोळे मिटाक होये. तोंड उघडाक होया. जीभ भायर पडाक होयी. ता मी पण करीन म्हणा. पण माका गणपतीची ऑर्डर आसा."

"आपा, फाल्गुनात गणपती?" आईने विचारलं.

"आगाऊ ऑर्डर गो." आपांनी मान वाकडी करून आत पाहिलं. "रे हर्षद, भायर ये. लपतंस कित्याक? कधी इलंस? कधी जातलंस?"

मी उंबऱ्यापर्यंत आलो.

"शिमगो झालो की जातलो," माझ्याआधी बाबाच म्हणाले. "लांब सुट्टी आसा तेंका."

ते नेहमी असंच करायचे. प्रश्न मला यायचा आणि उत्तर बाबा द्यायचे. मला वाटायचं, त्यांना अजून माझ्याबद्दल बोलायची हौस आहे.

रोंबाटाबद्दल थोडं सांगायला हवं. शिमग्यात आमच्याकडे प्रत्येक वाडी वाजतगाजत आपलं सोंग घेऊन देवळापुढच्या मांडावर येते, त्याला रोंबाट म्हणतात. सोंगं मोठमोठी असतात आणि कुणाचं जास्त हलतं यावर वर्षभर भांडणं चालतात. पण पालववाडीत आणखी एक रीत आहे. मांडावर जाण्याआधी आमचा राक्षस वाडीत घरोघर जातो, आणि प्रत्येक घर त्याला एक प्रश्न विचारतं. एकच. राक्षस मान हलवून हो किंवा नाही सांगतो. आतल्या माणसाने बोलायचं नाही. आत कोण आहे ते माहीत असलं तरी कुणी नाव घ्यायचं नाही. लोक हसत हसत विचारतात, पण उत्तर विसरत नाहीत.

मी आमच्या मांगरात, म्हणजे घरामागच्या गवताच्या खोपटात, काम सुरू केलं. खोटं कशाला बोलू, ते दिवस चांगले गेले. डोळ्यांना नारळाच्या अर्ध्या करवंट्या घेतल्या. त्यांच्यावर जरा मोठ्या करवंट्यांच्या पापण्या, सायकलच्या स्पोकवर फिरणाऱ्या. पापणीच्या मागच्या बाजूला जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी बांधली. दोरी ओढली की पापणी मिटायची, सोडली की गोळीच्या वजनाने उघडायची. गोळी किती मागे बांधायची यावर सगळं होतं. जवळ बांधली तर डोळे अर्धवट, दारू प्यायल्यासारखे. लांब बांधली तर मिटायचेच नाहीत. योग्य जागा सापडली तेव्हा पापणी अशी काही सावकाश मिटली, की मी एकटाच मांगरात हसलो.

जबड्याला सायकलचा ब्रेक लावला. मूठ दाबली की वायर जबडा खाली ओढायची आणि सोडली की ट्यूबच्या रबराने तो वर यायचा. ब्रेक कुडाळच्या सायकलवाल्याकडून संदेशने उसना आणला होता. जीभ जुन्या लाल रेनकोटची. तिला वेगळी दोरी द्यायची माझी इच्छा होती, पण माणसाला हात दोनच. एक पापण्यांना, एक जबड्याला. शेवटी जीभ गुंडाळून खालच्या दातांमागे ठेवली. तोंड उघडलं की ती घरंगळून बाहेर पडायचीच. त्याला इलाज नव्हता.

आतून कामट्या टोचू नयेत म्हणून अस्तर हवं होतं. आईला विचारलं, तर तिने गोठ्यावरचा फ्लेक्स काढून आणला.

"ह्या घे. जाड आसा. गोठ्यार मी दुसरा काय तरी घालतंय."

तो माझाच बोर्ड होता. पावसानंतर बाबांनीच तो वाटेवरून काढून गोठ्याच्या छपरावर बांधला होता. कोट फिकट निळा झाला होता, पण चेहरा शाबूत होता. आई तो माझ्या हातात देऊन गेली आणि मला तो परत करता आला नाही. गुळगुळीत बाजू कातडीला घासत नाही म्हणून मी छापलेली बाजू आत ठेवली. कात्रीने कापताना चेहऱ्याचे दोन तुकडे झाले. एक डोळा डाव्या कानशिलाजवळ आला, हसणारं तोंड मानेच्या मागे.

राहिलं माप. संदेश वरच्या घरात राहायचा, मांगरातून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. पण त्याच्या अंगणात त्या वेळी मुंबईचे पाहुणे उतरले होते. मी मापाची सुतळी घेऊन त्यांच्या कुंपणापर्यंत गेलो. आतून बोलणं ऐकू येत होतं. कुणीतरी म्हणालं, "तो विश्रामचा शास्त्रज्ञ मुलगा आलाय म्हणे? कधी जाणार आहे?" मी तिथूनच मागे फिरलो, मांगरात येऊन सुतळी स्वतःच्या डोक्याभोवती गुंडाळली आणि गाठ मारली. चुलतभावाचं डोकं साधारण आपल्याइतकंच असेल, असं धरून चाललो. प्रयोगशाळेत असं कुणी केलं असतं, तर मी त्याला हसलो असतो.

"म्हणजे तुझ्या मापाचा केलंस," संदेश म्हणाला. "तूच घाल मगे."

"माका नाचूक येणा नाय."

"नाचूक कोण सांगता? घरोघर चालाचा, डोळे मिटाचे, तोंड उघडाचा. मांडार चार उड्यो मार, झाला."

"कडो मोठो करूया," मी म्हणालो.

आपांनी राक्षस हातात घेऊन फिरवून पाहिला. "कडो काढलंस तर पापण्यो निखळतल्यो. दोऱ्यो तेच्यातसून काढलंस तू. होय मा?"

होय. दोऱ्या त्याच कड्यातून नेल्या होत्या.

"मगे आयक," आपा म्हणाले. "डोळे मिटले तर व्हय. तोंड उघडला तर नाय. वाडीक सांगून ठेवलंय मी. राक्षसान तोंड उघडूचा, तू नाय. कळला?"

"आणि मी?" संदेशने विचारलं.

"तू हय गवतात पडून ऱ्हव. तू भायर दिसलंस तर भितुर कोण, ता सगळ्यांका कळतला."

"जेवण धाडा मगे. मटण असात तर बघा."

"कोणी हर्षदाक विचारल्यान तर?"

"सायकलची वायर हाडूक कुडाळाक गेलो, म्हणान सांगतंय," आपा म्हणाले आणि राक्षस माझ्या डोक्यावर उतरवला.

तो बरोबर बसला. आत काळोख, गोंदाचा आणि रबराचा वास. बघायला फक्त राक्षसाच्या दातांमधली फट होती, तिच्यातून जगाची एक आडवी पट्टी दिसायची. लोकांची छाती, पोट, हात. चेहरा बघायचा तर मान मागे टाकावी लागायची. डाव्या बाजूला, इतक्या जवळ की नीट दिसेना, माझाच छापलेला डोळा.

ढोल सुरू झाले. अंगावर काळी घोंगडी, कमरेला घुंगरू. डावीकडे दोरी, उजव्या मुठीत ब्रेक. पहिल्या दहा पावलांत मी एकदा माडाला आणि एकदा आपांना धडकलो. कित्येक दिवसांनी मी वाडीच्या वाटेवरून उघड चाललो होतो आणि मला कुणी काही विचारत नव्हतं.

पहिलं घर रुक्मिणकाकीचं. तिने हळदकुंकू लावलं, ते राक्षसाच्या नाकावर गेलं.

"राक्षसा, माझी सून औंदा मे महिन्यात मुंबयसून येतली काय?"

मी दोरी ओढली. पापण्या सावकाश मिटल्या. बायका हेलकावा आल्यासारख्या मागे सरल्या, मग हसल्या.

"व्हय म्हणता!" काकी म्हणाली. "पण मेल्या, डोळे उघडून नीट बघून सांग. डोळे मिटून कोण पण सांगतला."

पुढच्या घरी एका म्हाताऱ्यांनी गालावर हात ठेवून विचारलं, "दाढ काढू?" मी ब्रेक दाबला. जबडा खाली पडला, लाल जीभ पोटापर्यंत लोंबली.

"नाय म्हणता," मागून कुणी तरी ओरडलं.

"आपलेच दाखयता रांडेचो," म्हातारे म्हणाले, आणि सगळी वाडी खिदळली.

मला मजा वाटू लागली होती. यंत्र चालत होतं. प्रत्येक वेळी चालत होतं. आणखी एका अंगणात संदेशचे मुंबईचे पाहुणे उभे होते. त्यातला एक जण आवाज चढवून म्हणाला, "काय रे राक्षसा, कधी इलंस? कधी जातलंस?" तो थट्टा करत होता, मालवणी बोलायची हौस. सगळे हसले. हा हो-नाहीचा प्रश्न नव्हता, त्यामुळे मी नुसता उभा राहिलो.

"ह्याका व्हय-नाय विचारा," आपा म्हणाले. "तारखो विचारू नकात."

शेवटून दुसरं घर आमचं.

आईने तबक आणलं. ओवाळताना तिचा हात माझ्या फटीसमोरून गेला, बांगड्या ओळखीच्या. तिने मान वर करून राक्षसाच्या डोळ्यांकडे पाहिलं असावं, कारण म्हणाली, "बरे झाले हत डोळे. खय गेलो ह्यो? तेका बघूक होया होता."

"कुडाळाक," आपा म्हणाले. "वायर हाडूक."

मग फटीत खाकी शर्ट आला. बाबांनी ड्युटी बदलून घेतली होती, सकाळची गाडी करून आले होते. वरच्या खिशाला पेन, बिल्ला, शिटीची दोरी. इतक्या जवळून मी त्यांचा खिसा कधी पाहिला नव्हता. खिशाची शिवण आईने दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने घातली होती.

"विचार विश्राम," कुणी तरी म्हणालं. "झील कधी मोठो सायब होतलो, ता विचार."

"ढोल थांबवा जरा," बाबा म्हणाले. "आणि मागे सरा. माका कानात विचारूचा आसा."

ही पण रीत होती. ज्याला उघड विचारायचं नसेल, त्याने राक्षसाच्या कानात विचारावं. ढोल थांबले. माणसं मागे सरली. बाबांचा श्वास फ्लेक्सपलीकडून, माझ्या छापलेल्या डोळ्याच्या मागून ऐकू येत होता.

"हर्षद आता बंगळूराक नसता," ते हळू म्हणाले. "तेका थयसून काढल्यानी. माका म्हायत आसा."

माझ्या हातातली दोरी ढिली पडली.

"दिवाळीत तेचो फोन लागाना, म्हणान होस्टेलात फोन केलंय. तेव्हा कळला. तेच्या आवशीक सांगूक नाय. तो सांगणा नाय, मी विचारणंय नाय. गाडीत लोक विचारतत. मी सांगतंय, लांब सुट्टी आसा."

मागे एक ढोलवाला नकळत बोटांनी कातडं वाजवत होता, कुणी तरी त्याला गप्प केलं.

"पयल्यांदा सगळीकडे मीच सांगत सुटलंय. तिकीट दिताना सांगलंय, सुट्टे दिताना सांगलंय. बोर्ड पण मीच लावलंय. सगळ्यांका वाटला, वाडीन लावल्यान. आता तो भायर पडणा नाय. विहिरीर पण जाणा नाय. ता माझ्या ह्या तोंडामुळे." त्यांनी घसा साफ केला. "येकच विचारूचा आसा माका. तो माझ्यार रागावलो हा?"

उत्तर मला माहीत होतं. परीक्षेच्या त्या खोलीतही माहीत होतं. उजवी मूठ ब्रेकवर होती आणि बोटं हलत नव्हती. मी त्यांना दाबायला सांगत होतो आणि ती ऐकत नव्हती. राक्षस तसाच उभा राहिला. फटीतल्या खाकी खिशाजवळ आता बाबांचे हात आले होते. नोटा मोजून काळवंडलेली बोटं. ते हात जोडलेले होते. माझ्यासमोर.

मागून कुणी तरी म्हणालं, "काय अडाकला काय?"

मी दोन्ही हात एकावर एक ठेवून ब्रेक दाबला.

जबडा धाडकन पडला. आणि अर्थात जीभही पडली. ती घरंगळत बाहेर आली आणि बाबांच्या खिशावर, बिल्ल्यावर, जोडलेल्या हातांवर जाऊन आदळली. अंगणभर हशा पिकला. "नाय म्हणता! विश्रामा, नाय म्हणता!" राक्षस माझ्या बापाला जीभ दाखवत उभा होता, आणि आत मी डोळे घट्ट मिटून घेतले होते, जे बाहेरून कुणालाच दिसत नव्हते.

बाबा हसले नाहीत. त्यांनी ती रेनकोटची जीभ हातात घेतली. एका टोकापासून नीट गुंडाळली, जशी मी मांगरात गुंडाळायचो तशी, आणि वर उचलून खालच्या दातांमागे ठेवली. जबडा बंद होईपर्यंत हात लावून धरला.

"बरा," ते म्हणाले.

मांडावर काय झालं ते थोडक्यात सांगतो. तिसऱ्या उडीत डाव्या पापणीची गोळी निसटली आणि राक्षस सगळ्या गावाला डोळा मारत नाचला. लोकांना वाटलं, मुद्दाम केलंय. राऊळवाडीच्या हत्तीने सोंडेतून पाणी उडवलं, त्यामुळे वाहवा त्यांची झाली. आपा म्हणाले, ती सोंड त्यांनीच पूर्वी सुचवली होती. मला यातलं फारसं काही आठवत नाही. मला फटीतले ते हात दिसत होते.

घरी आलो तेव्हा आई चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "कानाक काय झाला रे? सोलपाटला हा."

वेताच्या कड्याने डावा कान वरून घासला होता. मी काही बोलायच्या आत बाबा ओटीवरून म्हणाले, "सायकलची वायर लागली असतली."

ते माझ्याकडे बघत नव्हते. शिटीची दोरी शर्टातून सोडवत होते. मी ओटीवर गेलो आणि उभा राहिलो. म्हणायचं खूप होतं. त्यांनी कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली माझ्याकडे सरकवली आणि आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुडाळच्या गाडीसाठी तिठ्यावर उभा राहिलो. सायकलवाल्याचा ब्रेक परत द्यायचा होता. तो संदेशही देऊ शकला असता. गाडी बाबांची होती, हे मला माहीत होतं.

गाडी अर्धी भरलेली. मी मधल्या बाकावर बसलो, मांडीवर कागदात गुंडाळलेला ब्रेक. पुढच्या बाकावर रुक्मिणकाकी होती, मागे राऊळवाडीची दोन माणसं. बाबा पुढून तिकिटं देत येत होते. काकीने मान वळवली.

"रे हर्षदा! दिसणंस नाय तो खय? कधी जातलंस बंगळूराक?"

बाबांचा हात मशीनवर थांबला. त्यांनी तोंड उघडलं, नेहमीसारखं, आणि मी पाहिलं की ते खोटं बोलण्याआधी क्षणभर डोळे मिटून घेतात. इतके दिवस मी ते पाहिलं नव्हतं. ते बोलत असताना मी नेहमी खाली बघत असायचो.

"जावचंय नाय," मी म्हणालो.

आवाज घोगरा निघाला, पण निघाला.

"म्हणजे?"

"काढल्यानी माका थयसून, काकी. परीक्षेत नापास झालंय. दोनदा."

मागच्या बाकावरची कुजबुज थांबली. माझे कान तापले, सोललेला जास्त. लाज गेली नाही, मी सांगतो. ती तशीच होती. फक्त आता ती माझ्या एकट्याची नव्हती, अर्धी गाडी तिच्याकडे बघत होती आणि गाडी चालतच होती.

"अगो बाय," काकी शेवटी म्हणाली. मग थोडा विचार करून, "तरीच ता सोंग इतक्या बरा झाला. येळ होतो तुका."

मागे राऊळवाडीवाला फिस्सकन हसला. "डोळो पण मारल्यान."

बाबा माझ्या बाकापाशी आले. वळणावर गाडी कलली, तसा त्यांनी वरचा दांडा धरला. त्यांच्या खिशावर, बिल्ल्याखाली, लाल रंगाचा बारीक डाग होता. रेनकोटचा रंग सुटला होता.

"खय?" त्यांनी विचारलं, सगळ्यांना विचारतात तसं.

"कुडाळ."

मशीन करकरलं. त्यांनी तिकीट फाडून माझ्या हातात दिलं, पण पुढच्या बाकाकडे लगेच सरकले नाहीत.

"आणि कधी येतलंस?"

"दुपारच्या गाडीन," मी म्हणालो.